कसर न लागणारं घर

बाई गेल्या त्याला महिना होत आला होता. त्यांच्या खोलीची किल्ली माझ्याकडे होती. मी त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहते. घरमालक म्हणाला होता, महिनाअखेरपर्यंत कोणी आलं तर ठीक, नाहीतर सामान उचलायला माणसं लावतो. कोणी येईल असं मला वाटत नव्हतं.

एक माणूस आला. साठीच्या आसपासचा, उंच, मानेत थोडा वाकलेला. काखेत कागदाची लांब गुंडाळी.

"मी त्यांचा भाचा," तो म्हणाला.

तीन वर्षं मी बाईंकडे जवळजवळ रोज जात होते. त्यांना भाऊ आहे हेच मला माहीत नव्हतं.

"तुम्ही आत्याच्या कोण?"

"मैत्रीण."

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. मी सव्विशीची. बाई ऐंशीच्या पुढच्या.

"शेजारीण म्हणायचंय का तुम्हाला?"

"तेही."

मी दार उघडलं. खिडकीखाली टेबल, टेबलावर लांब मानेचा दिवा, एक खुर्ची, एक स्टूल, लोखंडी पलंग. सुयांचा डबा जागेवर होता. फळीवर दोन कप. त्यातला एक मी आणलेला. तोवर बाईंकडे एकच कप होता.

त्याने गुंडाळी टेबलावर सोडली आणि तिच्या कोपऱ्यांवर सुयांचा डबा, कात्री आणि दोन्ही कप ठेवले. वंशावळ होती. मोजणी खात्यात नकाशे काढण्यात त्याची सगळी नोकरी सरली होती, आणि रेघा तशाच होत्या, कुठे थरथर नाही.

"निवृत्त झाल्यावर लोक बागेत खुरपत बसतात. मी हे घेतलं. पूर्ण झालं म्हणून बाबांना दाखवायला नेलं. बाबांना आता कमी दिसतं, भिंग घेऊन बसले. वरून खाली येत येत स्वतःच्या नावाशी आले आणि थांबले. शेजारच्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं. म्हणाले, इथे एक जण राहिली."

तो थोडा हसला.

"केस पांढरे झाल्यावर मला कळलं की मला आत्या आहे."

गोष्ट त्याला वडिलांकडून तुकड्यातुकड्यांत कळली होती. घरातलं भिंतीवरचं घड्याळ दुरुस्त करायला एक कारागीर यायचा. ताईने त्याच्याशी लग्न केलं. धाकट्या भावाने, म्हणजे याच्या वडिलांनी, तिला दारातच सांगितलं की पुन्हा या घराची पायरी चढू नकोस. ती चढली नाही. त्यानंतर त्या घरात तिचं नाव निघालं नाही. पत्ता शोधत शोधत हा इथवर पोचला, तो महिनाभर उशिरा.

"त्यांचे यजमान?"

"लवकर गेले. छातीचं दुखणं होतं."

"मुलं?"

"नाहीत."

त्याने पेन्सिलीने बाईंच्या नव्याने लिहिलेल्या नावाखाली एक छोटी आडवी रेघ ओढली.

"म्हणजे शाखा इथे थांबली," तो ओशाळून म्हणाला. "अशीच खूण करतात. मी नाही ठरवलेलं."

पेन्सिल त्याने कोटाच्या छातीच्या खिशात टाकली. टोक खाली करून.

"बाबांनी एकच विचारून यायला सांगितलंय. तिने कधी आमची चौकशी केली का? कधी आठवण काढली का? बाबा अंथरुणाला खिळल्यासारखेच आहेत आता. दुसरं काही नको म्हणतात. एवढं कळू दे म्हणतात."

मी आठवून पाहिलं. तीन वर्षांतल्या संध्याकाळी. चहा, दिवा, बाईंचा कोरडा आवाज.

"नाही," मी म्हणाले. "कधीच नाही."

त्याने दोन्ही कप परत फळीवर ठेवले. मग कागद गुंडाळू लागला.

*

बाई मला जिन्यात भेटल्या होत्या. मी नवी राहायला आले होते. छापखान्याची मुद्रितं तपासण्याचं काम घरी आणायचे, आणि दिवसच्या दिवस कोणाशी बोलायचे नाही. एका सकाळी खाली उतरताना कोणीतरी माझा हात धरला.

"थांब. तुझं कोपर हवा खातंय."

स्वेटरला भोक होतं. "फॅशन आहे," मी म्हणाले.

"असेल. मग मी जन्मभर लोकांच्या फॅशनी बुजवल्या म्हणायच्या."

इमारतीत सगळे त्यांना रफूबाई म्हणायचे. मी पहिल्या दिवशी आजी म्हणाले तर त्या म्हणाल्या, "मी कोणाचीही आजी नाही. बाई म्हण." एव्हाना त्यांचा एक डोळा पूर्ण गेला होता आणि दुसऱ्यावर साय धरली होती. माझ्या कोपराचं भोक त्यांनी बोटांनी बघितलं होतं.

"हात आहेत अजून. डोळे तेवढे उसने हवेत," त्या म्हणाल्या, आणि मला दिव्याखाली बसवलं.

त्यांचं म्हणणं एकच. रफूला बाहेरचा धागा वापरायचा नाही. कितीही जुळवून आणला तरी दोन उन्हाळ्यांत तो परका दिसायला लागतो. कपडा उलटा करायचा. शिवणीच्या आत जे जादा कापड दडलेलं असतं, त्यातून एकेक धागा ओढून काढायचा आणि त्याने बाहेरचं भोक विणायचं. आत कोणी बघत नाही.

"शिंपी त्या जादा कापडाला माया म्हणतात," त्या म्हणाल्या. मी मान वर केली तशा लगेच म्हणाल्या, "शिंप्याचा शब्द आहे. त्यात कविता शोधत बसू नकोस."

मी साहित्य शिकले होते हे त्यांना कळल्यापासून त्यांना ही एक गंमत झाली होती.

स्वतःबद्दल त्या बोलायच्या नाहीत. घड्याळवाल्या नवऱ्याबद्दलही दोनचार वाक्यं. "शांत माणूस होता. घरात इतकी घड्याळं, पण कुठे वेळेवर पोचला असेल तर शपथ." बोलायच्या त्या कपड्यांबद्दल. एका वकिलाचं फक्त डावं कोपर झिजायचं. एका विधवेने नवऱ्याचा ओव्हरकोट दर हिवाळ्यात धुवायला टाकला, न वापरता.

"कपड्यावरून माणूस कळतो?" मी एकदा विचारलं.

"माणूस नाही कळत. तो कुठे घासला जातो तेवढं कळतं."

आणि एक पेन्सिलवाला होता. त्याची गोष्ट सांगताना त्या मध्येच थांबायच्या, पुन्हा मागे जायच्या.

"शाळेत होता तेव्हा खिशात खडू. खिसा उलटा केला की भुकटीच भुकटी. मोठा झाला तशी खडूची पेन्सिल झाली. टोक खाली करून ठेवायचा, गाढव. छातीच्या खिशाच्या तळाशी भोक. बुजवलं की पुढच्या वर्षी पुन्हा तिथेच."

"मग सांगायचं ना त्याला, टोक वर ठेव म्हणून."

"कशाला सांगू? सांगितलं असतं तर ठेवलं असतं ना वर."

मी हसले. मला वाटलं, धंद्याची गोष्ट आहे.

"एका वर्षी कोटाला बायकी अत्तराचा वास आला. म्हटलं, जमलं वाटतं कुठेतरी. पुढच्या हिवाळ्यात तोच कोट कंबरेत सैल करून घेतलेला. म्हटलं, जेवायला घालणारी चांगली मिळाली. मग खांद्यावर दुधाचे डाग. ते मात्र मी लगेच धुवून काढू दिले नाहीत." बाईंनी हातातला धागा बोटांनी चाचपला. "मुलगा की मुलगी ते काही कळलं नाही. दुधाच्या डागावरून ते कळत नाही."

*

भाचा तिसऱ्या दिवशी पुन्हा आला. आत्या कुठे काम करायची ते त्याला बघायचं होतं. वडिलांसमोर अगदीच रिकाम्या हाताने जायला नको, म्हणाला. मी त्याला लाँड्रीवर घेऊन गेले.

बाईंनी डोळे जाईपर्यंत तिथे मागच्या खोलीत काम केलं होतं. लाँड्रीवाला घामाने निथळत होता. वाफेत त्याचा चष्मा धुकटला होता. बाई गेल्याचं ऐकून त्याने इस्त्री उभी करून ठेवली.

"अरेरे. गेल्या का? आमच्याकडे कशा आल्या ते सांगतो. वडील होते तेव्हाची गोष्ट. मोठ्या शिंप्याकडे होत्या त्या, कामाला मान होता. ते सोडून एक दिवस आमच्या दारात. वडील म्हणाले, बाई, इथे वाफ खावी लागेल. यांनी एकच विचारलं, तुमची गाडी टेकडीवर जाते का कपडे आणायला? वडील म्हणाले, जाते, दर आठवड्याला. तर म्हणाल्या, उद्यापासून येते." तो चष्मा पुसत हसला. "आम्हाला वाटलं, बाईंना गाडीतून फुकट घरी जायचंय. एकदाही बसल्या नाहीत. जन्मभर आपल्या चालत."

"आम्ही टेकडीवर राहतो," भाचा हळूच म्हणाला.

"मग तुमचे कपडे आमच्याकडेच."

"तुमच्याकडेच. लहानपणापासून. हिरवी गाडी यायची."

"म्हणजे गेलेच असतील बाईंच्या हातून."

"नाही, तसं नाही." भाच्याने मान हलवली. "आमच्या कपड्यांना रफू कधी लागलंच नाही. कपडे खाणारी कसर आमच्या घराला लागत नाही."

तो हे अगदी साधेपणाने म्हणाला. आमच्यात सगळे उंच असतात, असं कोणी म्हणावं तसं.

लाँड्रीवाल्याने माझ्याकडे पाहिलं. "लोकरीचे कपडे आहेत ना? मग लागते. राजाच्या घरालाही लागते."

"आमच्या नाही लागत. आजोबांपासून नाही. आई पाहुण्यांना कपाट उघडून दाखवायची."

"धन्य आहे," लाँड्रीवाला म्हणाला आणि इस्त्रीकडे वळला.

भाच्याने मागची खोली किती लांब, किती रुंद, ते पावलांनी मोजलं आणि कागदावर टिपलं. मग पेन्सिल छातीच्या खिशात टाकली. टोक खाली. खिशाच्या तळाशी शिशाचा काळा ठिपका होता, आणि त्या ठिपक्याच्या मधोमध एक बारीक भोक.

मी त्या भोकाकडे बघत राहिले.

"मला तुमच्या घरी न्याल?" मी म्हणाले. "जुने कपडे असतील तर बघायचेत. अगदी जुने. शाळेतला कोट वगैरे."

"आहे की. आईने काही टाकलं नाही. पण कशाला?"

"आधी बघू दे."

*

टेकडीवरच्या त्या घराला पुढे दगडी पायऱ्या होत्या. रुंद, बुटक्या. मी त्या जपून चढले.

भाच्याच्या बायकोने दार उघडलं. कपडे बघायचेत म्हटल्यावर तिने कमरेवर हात ठेवले.

"कसरीबद्दल आला असाल तर आधीच सांगते, मी काही केलेलं नाही. डांबराच्या गोळ्या टाकून टाकून माझ्याच अंगाला वास यायला लागलाय. सासूबाई होत्या तोवर म्हणे एक भोक नाही. कपाट माझ्या हातात आलं आणि भोकंच भोकं."

आतल्या खोलीतून म्हातारा आवाज आला. "घर सांभाळायला नजर लागते, सूनबाई."

"ऐकलंत? पाच-सहा वर्षं हेच चाललंय. रोजचा खुराक आहे माझा."

कपाट वडिलांच्या खोलीतच होतं. ते खिडकीशी आरामखुर्चीत पाय उंच करून बसले होते. हनुवटी बाईंची. मी दारातच थबकले.

"तू तिची कोण गं?" त्यांनी विचारलं.

"मैत्रीण."

त्यांनी हसू येईल तसं तोंड केलं, पण हसले नाहीत. "आमची चौकशी करत नव्हती म्हणे ती."

"थोडं थांबा," मी म्हणाले.

सुनेने कपडे काढून पलंगावर रचले. शाळेचा निळा कोट. मुलाचे नोकरीतले कोट. वडिलांचे दोन ओव्हरकोट. मी निळा कोट उलटा केला. काखेखालची शिवण उघडून पाहिली. आतलं कापड विरळ झालं होतं. एकाआड एक धागा नव्हता. दुसरा कोट घेतला. तसंच. ओव्हरकोटाची खालची दुमड, स्वेटरची आतली कड. प्रत्येकात धागे ओढून घेतलेले. बाहेरून एकही भोक नाही.

मग वरचे, अलीकडचे कपडे पाहिले. बाह्यांवर, गळ्याशी भोकंच भोकं. त्यांच्या शिवणी उघडल्या. आत एकूण एक धागा जागेवर.

"ही भोकं कधीपासून?"

"सांगितलं ना, पाच-सहा वर्षं."

"तेव्हा बाईंचे डोळे गेले," मी म्हणाले. "त्यांनी काम सोडलं."

मग मी सगळं सांगितलं. लाँड्री, हिरवी गाडी, टेकडीबद्दल विचारलेला तो एकच प्रश्न. घरातल्या कोणी कधी रफू सांगितलं नव्हतं आणि कोणाला ते दिसलं नव्हतं.

सून पलंगाच्या कडेवर बसली.

"म्हणजे कसर होतीच?"

"होतीच. पहिल्यापासून."

"ऐकलंत बाबा?" ती जिंकल्यासारखी ओरडली. "होतीच कसर! सासूबाईंच्या वेळीही होती!" मग तिने सासऱ्यांचा चेहरा पाहिला आणि निळा कोट उगाच घडी करू लागली.

"इकडे आण," वडील म्हणाले.

मी त्यांचा ओव्हरकोट मांडीवर दिला. त्यांनी भिंग घेतलं, ठेवून दिलं. बोटं फिरवली.

"कुठे?"

"इथे. कॉलरच्या खाली."

"हाताला काही लागत नाही."

"लागू नये असंच केलंय."

"मग मला कळणार कसं?" त्यांचा आवाज चढला. "एक निरोप धाडायचा. एक चिठ्ठी टाकायची खिशात. खिशात तर हात होता ना तिचा! वर्षानुवर्षं हात होता!"

"बाबा," भाचा हळू म्हणाला, "तुम्ही सांगितलं होतं ना येऊ नकोस म्हणून."

"रागात बोलतो माणूस! ते काय जन्मभर धरून ठेवायचं असतं?"

त्यांची बोटं कॉलरखाली फिरतच होती. एकाच जागी, पुन्हा पुन्हा.

"मी आधी चुकीचं सांगितलं," मी म्हणाले. "त्या तुमची आठवण काढायच्या. घरातला माणूस म्हणून सांगायच्या नाहीत, म्हणून मला कळलं नाही." आणि मी पेन्सिलवाल्याची गोष्ट सांगितली. खडू, पेन्सिल, अत्तर, सैल केलेली कंबर. भाच्याचा हात छातीच्या खिशावर गेला आणि तिथेच राहिला. त्याची बायको अत्तराशी लाजली आणि कंबरेशी रडू लागली.

"खांद्यावर दुधाचे डाग यायचे म्हणाल्या. मुलगा की मुलगी ते कळलं नाही म्हणाल्या."

"मुलगी," सून म्हणाली. "मुलगी आहे आम्हाला. लांब असते आता."

वडील खिडकीबाहेर बघत होते. तिथून पायऱ्या दिसत होत्या.

"ती झाली तेव्हा मी पाळण्यात डोकावलो," ते म्हणाले. "म्हटलं, नाक अगदी ताईचं घेऊन आलीय." थोड्या वेळाने म्हणाले, "मनात म्हटलं."

त्यांनी ओव्हरकोट अंगात घालायला सांगितला. खोलीत उकडत होतं. मुलाने दोन्ही बाह्या चढवल्या, सुनेने बटणं लावली. कोट आता त्यांना फार मोठा होत होता. त्यात ते बसून राहिले.

"ती चहात साखर किती घ्यायची?" त्यांनी मला विचारलं.

"घ्यायच्याच नाहीत."

"असं कसं? तीन चमचे घ्यायची ती. माझ्या कपातली पळवायची."

मला तीन चमचेवाल्या बाई माहीत नव्हत्या. त्यांना बिनसाखरेच्या.

*

भाचा मला पायऱ्यांपर्यंत सोडायला आला. घरमालकाने दिलेली मुदत दोन दिवसांत संपत होती. दिवा आणि टेबल तो नेणार होता. वडिलांच्या खोलीत ठेवणार होता.

"सुया तुमच्याकडेच राहू द्या," तो म्हणाला. "आमच्यात कोणाला येत नाही."

"बरं."

त्याने वंशावळ सोबत आणली होती. पायरीवर बसून ती गुडघ्यांवर उघडली. बाईंच्या नावाखालची आडवी रेघ तशीच होती. त्याने खिशातून पेन्सिल काढली. बराच वेळ ती रेघेवर धरून ठेवली. खोडायचं की काय करायचं, त्याला सुचत नव्हतं. मलाही सुचलं नाही. मुलं नव्हती हे खरंच होतं.

शेवटी त्याने कागद गुंडाळला.

"येत जा अधूनमधून," तो म्हणाला. "बाबा विचारतील. आता रोज काहीतरी विचारतील."

"येईन."

त्याने पेन्सिल खिशात टाकली. टोक खाली करून. ती खिशाच्या तळाशी गेली, भोकात किंचित अडकली आणि थांबली. टोक वर ठेवा, एवढंच सांगायचं होतं. ते माझ्या अगदी ओठांवर आलं.

मी सांगितलं नाही. पायऱ्या उतरून टेकडीखाली चालत निघाले.